कोपऱ्यावरच्या पबचा कौल कोणी द्यायचा?

मराठीत ‘पब’ म्हटलं की कोरेगाव पार्क नाहीतर लोअर परळ आठवतं. कानठळ्या बसवणारं संगीत, दाराशी बाउन्सर, आत शिरायलाच खिसा रिकामा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला राहायला आले तेव्हा माझ्या डोक्यातही हेच चित्र होतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक पब होता. पहिलं दीड वर्ष त्याच्यावरून जाताना मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावात दारूच्या दुकानावरून बायका जशा झपाझप जातात, तशीच जायचे.

मग एका जानेवारीत कुरियरवाला दारात चिठ्ठी टाकून गेला. पार्सल पबमध्ये ठेवलंय, म्हणे. दुपारचे तीन वाजले होते. दार ढकललं तर आत शेकोटी पेटलेली, तिच्यासमोर एक म्हातारा कुत्रा पसरलेला. दोन आजीबाई किटलीभर चहा घेऊन शब्दकोडं सोडवत होत्या. एक आजोबा अर्धा ग्लास बिअर समोर ठेवून पेपर वाचत होते आणि तो अर्धा ग्लास त्यांना तासभर पुरणार हे दिसतच होतं. मालकीणबाईंची मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर गणितं करत होती. शेजारी शिसाचा पत्रा ठोकलेलं, मधोमध भोक पाडलेलं एक छोटं टेबल. लांब उभं राहून पितळेच्या चकत्या त्या भोकात टाकायच्या. ससेक्सच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, पबांमधला हा जुना खेळ आहे. त्याला ‘टोड इन द होल’ म्हणतात. मालकीणबाईंनी पार्सल दिलं आणि विचारलं, “समोरच्या पिवळ्या दाराच्या घरात राहतेस ना? तुझं नाव काय?” त्या गल्लीत राहायला आल्याला अठरा महिने झाले होते आणि माझं नाव विचारणारी ती पहिली व्यक्ती होती.

तो पब आता बंद आहे. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलंय, अंगणात गुडघाभर गवत वाढलंय आणि दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नगरपालिकेची नोटीस लटकतेय: इमारत पाडून फ्लॅट बांधण्याचा अर्ज आला आहे, हरकती असल्यास कळवाव्यात. या नोटिशीमुळेच हा लेख लिहायला बसले.

ब्रायटनला सुट्टीवर येणाऱ्यांना हा प्रश्न दिसत नाही. ते स्टेशनवरून सरळ उतरतात ते समुद्रावर. किनाऱ्यालगतचे आणि ‘लेन्स’च्या बोळांमधले पब उन्हाळ्यात ओसंडून वाहतात. ते चालतील, त्यांची काळजी मला नाही. पण शहर टेकड्यांवर चढत गेलंय. मोल्सकूम, बेव्हेन्डीन, हँगलटन, पॅचम, वुडिंगडीन, व्हाइटहॉक इथे पर्यटक येत नाहीत. इथे माणसं राहतात. 1919 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी आणि गलिच्छ वस्त्यांतल्या कुटुंबांसाठी नगरपालिकेने टेकड्यांच्या कुशीत घरं बांधली, पुढे खाजगी बिल्डरांनी बंगल्यांच्या रांगा उभ्या केल्या. घरं झाली, पण बसायला-उठायला जागा फार थोड्या झाल्या. दारूचे परवाने देणारे न्यायाधीश हात आखडून होते. शहरातला जुना परवाना परत केलात तर उपनगरात नवा देऊ, असा व्यवहार इंग्लंडभर चाले. म्हणून शहरात जिथे एका गल्लीत चार पब, तिथे उपनगरातल्या अख्ख्या वस्तीला मिळून एक. 1930 च्या दशकातले हे पब आकाराने मोठे असत. मागे बाग, पुढे गाड्या लावायला जागा, कुटुंबासह येता यावं म्हणून जेवणाची वेगळी खोली. हँगलटनमध्ये तर काही शतकं जुना जमीनदाराचा वाडाच पब झालाय. भोवतीची शेतं गेली, बंगले आले, आणि हूव भागातली ती सर्वांत जुनी राहती वास्तू आज कोणीही दार ढकलून आत जावं अशी आहे.

नेमकी हीच मोकळी जागा पबांच्या मुळावर आली. शहरातला पब दोन इमारतींच्या मध्ये दाटीवाटीने उभा असतो. तो पाडून फार काही हाती लागत नाही. उपनगरातल्या पबला अंगण असतं, पार्किंग असतं. बिल्डरच्या डोळ्यांना त्यात आठ-दहा फ्लॅट दिसतात. पब म्हणून त्या जागेची जी किंमत येते, त्याच्या कितीतरी पट किंमत रिकामा भूखंड म्हणून येते. सुपरमार्केटवाल्यांना तर अशा जागा फारच सोयीच्या होत्या, कारण 2017 पर्यंत इंग्लंडात पबचं दुकान करायला नगरपालिकेची वेगळी परवानगीही बहुतेक वेळा लागत नसे. एका सकाळी पाटी बदलली की झालं. त्या वर्षी मे महिन्यात कायदा बदलला आणि पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला परवानगी सक्तीची झाली. ब्रायटनच्या 2022 च्या शहर आराखड्यातही पबांसाठी स्वतंत्र कलम आहे. कागदावर सगळं ठीक आहे. मग पब बंद का होताहेत?

‘लोक येत नाहीत म्हणून’ हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं. ते अर्धंच खरं आहे. तरुण मंडळी पूर्वीपेक्षा कमी पितात, 2007 पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, घरी टीव्ही आहे, सुपरमार्केटात बिअर स्वस्त आहे, हे मान्य. 2000 साली ब्रिटनमध्ये 60,000 च्या वर पब होते, आता 45,000 च्या आसपास उरलेत. पण पबचा मालक कोण आणि पब चालवणारा कोण, हे पाहिल्याशिवाय हे आकडे काही सांगत नाहीत.

पूर्वी बहुतेक पब बिअर गाळणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे असत. बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडावी म्हणून 1989 मध्ये सरकारने आदेश काढला: ज्या कंपनीकडे 2,000 पेक्षा जास्त पब आहेत, तिने वरच्या संख्येतले निम्मे मोकळे करावेत. हेतू चांगला होता. झालं असं की ते पब गाळपाशी काही संबंध नसलेल्या नव्या कंपन्यांनी घाऊक भावात उचलले. त्यांना इथे ‘पबको’ म्हणतात. कर्ज काढून हजारो पब घेतलेल्या या कंपन्यांचा धंदा बिअरचा नव्हता, भाड्याचा आणि जमिनीचा होता. पब चालवणारं जोडपं त्यांचं कूळ. भाडं त्यांनाच द्यायचं आणि बिअरही त्यांच्याकडूनच, खुल्या बाजारापेक्षा चढ्या भावाने घ्यायची. 2016 मध्ये मोठ्या पबकोंना आळा घालणारी आचारसंहिता आली, कुळांना निव्वळ बाजारभावाने भाडं देऊन बिअरच्या सक्तीतून मोकळं होण्याचा मार्ग मिळाला. पण तोवर कितीतरी कुळं मोडून पडली होती.

त्यात करांची तऱ्हा अशी. इतर दुकानांचा मालमत्ता कर जागेच्या भाड्यावरून ठरतो, पबचा ठरतो त्याच्या अपेक्षित उलाढालीवरून. म्हणजे एखाद्या मालकीणबाईने खपून गिऱ्हाईक वाढवलं, की पुढच्या मूल्यांकनात तिचा कर वाढणार. सुपरमार्केटातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट नाही. पबने वाढलेल्या गरम जेवणावर 20 टक्के. घराघरांत एकट्याने प्यायल्या जाणाऱ्या स्वस्त दारूला जणू सरकारच हातभार लावतंय, आणि चार माणसांत बसून प्यायल्या जाणाऱ्या अर्ध्या ग्लासाला दंड करतंय.

आमच्या पबचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. छत गळायला लागलं. आमच्या मालकीणबाई म्हणजे खरं तर कूळच. दुरुस्ती इमारतीच्या मालकाकडे होती, ती झाली नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बादल्या ठेवलेल्या असत. भाडं मात्र वाढलं. मालकीणबाईंनी आधी स्वयंपाकी कमी केला, मग सोमवार-मंगळवार पब बंद ठेवायला सुरुवात केली, मग शुक्रवारचं ज्येष्ठांचं जेवण थांबवलं. दोन वर्षांनी त्या निघून गेल्या. आता फ्लॅटच्या अर्जासोबत मालकाने नेमलेल्या सल्लागाराचा अहवाल जोडलेला आहे: ‘हा पब आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही.’ पुरावा म्हणून हिशेब त्याच शेवटच्या दोन वर्षांचे. विहिरीत कचरा टाकायचा आणि मग पाणी पिण्याजोगं नाही असा दाखला आणायचा, तसंच हे. माझा आक्षेप एका मालकापुरता नाही. ज्याला जागा विकून फायदा होणार, त्यानेच ती निरुपयोगी असल्याचं सिद्ध करायचं, ही रीतच चुकीची आहे. पब चालू शकतो की नाही याची तपासणी नगरपालिकेने नेमलेल्या तटस्थ माणसाने करावी, खर्च अर्जदाराकडून घ्यावा, आणि हिशेब निदान दहा वर्षांचे मागवावेत.

पब चालू शकतो की नाही, याचं उत्तर ब्रायटनच्याच एका टेकडीवर आहे. बेव्हेन्डीन आणि मोल्सकूमच्या हद्दीवर एक मोठा थोरला पब होता. त्याचं नाव वाईट होतं, आणि ते उगीच नव्हतं. मारामाऱ्या, त्रास, तक्रारी. 2010 मध्ये पोलिसांनी पुढाकार घेऊन तो बंद करवला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वस्तीतल्या लोकांनी वेगळाच हिशेब मांडला: वाईट चालवलेली जागा गेली हे बरं झालं, पण जागाच गेली तर आपण भेटायचं कुठे? त्यांनी सहकारी संस्था काढली, भाग विकले, 700 हून अधिक सभासद जमवले, आणि डिसेंबर 2014 मध्ये ‘द बेव्ही’ या नावाने तो पब पुन्हा उघडला. ब्रिटनमध्ये नगरपालिकेच्या घरांच्या वस्तीत असा लोकांच्या मालकीचा पब त्याआधी नव्हता. वर्गणी काढायला तिथे गावाकडचे निवृत्त डॉक्टर-वकील नव्हते. ती शहरातल्या गरीब वस्त्यांपैकी एक आहे. आज तिथे शुक्रवारी ज्येष्ठांचं जेवण असतं. कोविडच्या टाळेबंदीत पबचं दार बंद होतं, पण स्वयंपाकघर चालू राहिलं आणि घरोघरी डबे गेले.

एक सभासद, एक मत. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या भिंतींवर ‘विना सहकार नाही उद्धार’ वाचत आपण मोठे झालो. सहकाराचं पुढे काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. पण दहा जणांनी मिळून एखादी गोष्ट धरून ठेवली तर ती एकट्या सावकाराच्या हातून सुटते, हा अनुभव खोटा नव्हता.

आता दारूबद्दल. हा विषय टाळून पबची बाजू घेणं मला जमणार नाही, कारण माझ्या घरात दारूने काय केलंय ते मला माहीत आहे. माझ्या मावशीने गावातलं दुकान बंद करायला मोहीम चालवली होती. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानासाठी ती घरोघर फिरली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होणार, म्हणून आजारी म्हातारीलाही खुर्चीत बसवून केंद्रावर नेलं होतं. मी इथल्या पबसाठी सह्या गोळा करतेय हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. गावातल्या दुकानात माणूस बाटली घेतो, आडोशाला पितो आणि घरी येऊन बायकोला मारतो. त्याला थांबवणारं तिथे कोणी नसतं. चांगल्या चाललेल्या पबमध्ये गल्ल्यामागे उभ्या असलेल्या बाईला प्रत्येकाचा दिवस माहीत असतो. “आज पुरे झालं, घरी जा,” असं आमच्या मालकीणबाई एका माणसाला सांगताना मी पाहिलंय, आणि तो मुकाट्याने कोट घालून गेला. पब बंद झाला म्हणून त्या माणसाची दारू सुटली का? तो आता कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून कॅनचा खोका नेतो. किती पितो हे कोणालाच दिसत नाही. ज्यांना खरोखर दारूचा त्रास कमी करायचाय, त्यांनी स्वस्त कॅनकडे पाहावं. स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूला किमान किंमत लावली. इंग्लंडने अजून धाडस केलेलं नाही. ते करावं. त्यातून पबचंही भलं होईल आणि यकृताचंही.

मावशीच्या लढ्यात आणि माझ्या सह्यांमध्ये मला विरोध दिसत नाही. वस्तीत काय असावं आणि काय नसावं, हे वस्तीतल्या लोकांनी ठरवायचं, हाच हक्क ती मागत होती. तिच्या गावाने आडवी म्हटलं. बेव्हेन्डीनने बाटली आधी आडवी होऊ दिली आणि मग स्वतःच्या अटींवर उभी केली. दोन्ही ठिकाणी कौल लोकांचा होता, जागेच्या भावाचा नव्हता.

पब सगळ्यांचा असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘पब्लिक हाऊस’ या नावातलं ‘पब्लिक’ भांडून मिळवावं लागलंय. 1960 च्या दशकात मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, स्मेदिकसारख्या गावांत पबच्या काही खोल्यांत आपल्या लोकांना बसू देत नसत. 1965 च्या कायद्याने सार्वजनिक जागी वर्णभेद करायला बंदी आली, तेव्हा त्यात पबही होते. त्याच मिडलंड्समध्ये पुढे पंजाब्यांनी पब चालवायला घेतले आणि आज तिथे बिअरसोबत तंदूरची शेगडी पेटते. बायकांचंही तसंच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नामांकित बारमध्ये स्त्रियांना गल्ल्यावर उभ्याने पेय मिळत नसे. 1982 मध्ये वरच्या कोर्टाने ते बेकायदा ठरवलं तेव्हा ते थांबलं. आजही काही पबांच्या दारात मी थबकते. आतल्या माना ज्या तऱ्हेने वळतात त्यावरून आत जायचं की नाही ते कळतं. माझ्या मुसलमान शेजारणीला तर दारूच्या वासाच्या जागी बसणंच नको वाटतं, आणि तिच्यासाठी वाचनालय व समाजमंदिरही हवं, हे मी तितक्याच जोराने म्हणेन. पण वाचनालयांचे तास कमी होताहेत, तरुणांचे क्लब बंद पडलेत, चर्चमध्ये माणसं उरली नाहीत. एकेक दार बंद होत असताना, हे दार सर्वांसाठी नव्हतं म्हणून तेही लावून टाका, हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो. सर्वांसाठी नव्हतं तर ते अधिक उघडावं.

आई तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आली होती. तिला आमच्या पबमधल्या शुक्रवारच्या जेवणाला नेलं. ती आधी दारातच थांबली, पदर सावरून. मग आत बसली, चहा घेतला, उकडलेले बटाटे आणि वाटाणे खाल्ले, एका आजींच्या हातातलं विणकाम घेऊन टाका कुठे चुकलाय ते दाखवलं. भाषेचा पत्ता नव्हता, पण दोघी अर्धा तास गुंतल्या होत्या. बाहेर पडल्यावर तिने एवढंच विचारलं, “यांच्या घरी कोणी नसतं का गं?” मी म्हटलं, बहुतेकांच्या नसतं. त्या आजी आता शुक्रवारी कुठे जातात, मला माहीत नाही. त्यांचं घर कुठलं हेही कधी विचारलं नव्हतं. भेट पबमध्ये व्हायचीच, विचारायची गरज पडली नाही.

कायदा काय देतो? 2011 च्या कायद्याने एखादी जागा ‘लोकोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढली की लोकांनी सहा आठवड्यांत इच्छा कळवायची, मग पैसे उभे करायला एकूण सहा महिने मिळतात. ऐकायला छान. पण मुदत संपल्यावर लोकांनाच विकलं पाहिजे असं बंधन मालकावर नाही. सहा महिने हातावर हात ठेवून बसला की तो मोकळा. 2025 च्या जुलैत संसदेत आलेल्या विधेयकात लोकांना खरेदीचा पहिला हक्क आणि वर्षभराची मुदत देण्याची तरतूद होती. ही योग्य दिशा आहे. मात्र अशा खरेदीला मदत म्हणून 2021 मध्ये सुरू केलेला 15 कोटी पौंडांचा सरकारी निधी डिसेंबर 2024 मध्ये बंद केला गेला. हक्क द्यायचा आणि पैसा काढून घ्यायचा, याला अर्थ नाही. सधन खेड्यातले लोक स्वतःच्या बचतीतून पब विकत घेतील. मोल्सकूमसारख्या वस्तीला सरकारी भांडवलाची जोड लागतेच. तो निधी परत सुरू व्हायला हवा, आणि त्यात पहिला वाटा शहरांच्या कडेच्या वस्त्यांना हवा.

नोंदणीचा अर्ज करायला स्थानिक मतदारयादीतली 21 माणसं लागतात. भारताचा पासपोर्ट असूनही, राष्ट्रकुलातली म्हणून माझं नाव इथल्या यादीत आहे. सह्या घेत फिरताना मला कळलं की आमच्या गल्लीत किती दारांमागे कोण राहतं ते मला अजूनही माहीत नाही. पार्सल मिळालं त्या दिवशी जेवढी माणसं ओळखीची झाली, त्यानंतर फार भर पडलेली नाही. आत्तापर्यंत सतरा सह्या झाल्यात. शब्दकोडं सोडवणाऱ्या आजींपैकी एक मला बसथांब्यावर सापडल्या, त्यांची अठरावी. त्या म्हणाल्या, कुत्रा मागच्या हिवाळ्यात गेला.

फ्लॅटच्या अर्जावर हरकती पाठवायची मुदत पुढच्या गुरुवारी संपतेय. बुधवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात जमायचं ठरलंय, पिवळ्या दाराच्या घरात. खुर्च्या सहाच आहेत. शेजारून चार आणते.